परवाना तीर्थयात्रेचा, ओढ देश पाहण्याची : एदोकालीन जपानमधील प्रवास

१/ क्योतोची मंदिरे, फुजी पर्वताचे दर्शन, महानगरांतील झगमगाट यांसाठी आज जगभरातून लोक जपानला जातात. जपान ‘पाहत’ हिंडण्याची ही रीत मात्र जपानी रयतेनेच घडवली. आणि तीही प्रजेच्या संचारावर करडी नजर ठेवणाऱ्या राजवटीत.

२/ इ.स. १६०१ मध्ये तोकुगावा इएयासू याने एदो (आजचे तोक्यो) आणि क्योतो यांना जोडणाऱ्या तोकाइदो मार्गावर टप्प्यांची व्यवस्था लावली. सुमारे ५०० किलोमीटरच्या या वाटेवर पुढे ५३ ठाणी झाली. हेतू राज्यकारभाराचा होता : सरकारी निरोप, घोडे आणि हमाल.

३/ १६३५ मध्ये शोगुन इएमित्सु याने सरदारांना ठरावीक काळ एदोत राहण्याची सक्ती केली. त्यांच्या बायकामुलांना तर कायम तेथेच, एका अर्थी ओलीस, राहावे लागे. सरदारांचे लवाजमे सतत ये-जा करू लागले आणि वाटेवर पथिकाश्रम, खाणावळी, चहाची दुकाने उभी राहिली.

४/ याच वाटेवर हाकोनेचे तपासणी नाके होते. एदोकडे जाणाऱ्या बंदुका आणि एदोबाहेर पडणाऱ्या स्त्रिया, या दोहोंवर राज्यकर्त्यांची विशेष नजर असे. स्त्रीच्या परवान्यात तिच्या केशरचनेचेही वर्णन असे आणि ते पडताळून पाहण्यासाठी नाक्यावर स्त्रियाच नेमलेल्या असत.

५/ सामान्य माणसाला केवळ हौसेसाठी परवाना मिळणे अवघड होते. तीर्थयात्रा किंवा औषधी झऱ्यांवरील उपचार हे कारण मात्र मान्य होई. म्हणून कागदावर सूर्यदेवता अमातेरासूचे इसे येथील मंदिर लिहिले जाई. आणि दर्शन आटोपले, की पावले नारा, क्योतो आणि ओसाकाच्या नाट्यगृहांकडे वळत.

६/ खर्चाचे काय? गावोगावी ‘को’ नावाची मंडळे होती. आपल्याकडील भिशीप्रमाणे सारे थोडे थोडे पैसे जमवीत आणि चिठ्ठी टाकून यात्रेकरू निवडीत. तो सर्वांच्या वतीने जाई आणि सर्वांसाठी मंदिराचे ताईत घेऊन येई.

७/ ज्यांना परवानगीच नव्हती, ते पळून जात. १७०५, १७७१ आणि १८३० या वर्षी तर नोकर, उमेदवार कारागीर, स्त्रिया आणि मुले यांचे लोंढेच्या लोंढे इसेकडे निघाले. हातात लाकडी पळी हीच त्यांची ओळख. वाटेवरचे लोक त्यांना अन्न आणि पैसा देत. देवाचे ताईत घेऊन परतलेल्याला धनी सहसा शिक्षा करीत नसे.

८/ ज्यांना जाता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत प्रवास पुस्तकांतून आणि चित्रांतून पोहोचला. १७८० मध्ये क्योतोच्या प्रेक्षणीय स्थळांचा सचित्र ग्रंथ निघाला. १८०२ पासून जिप्पेन्शा इक्कूची विनोदी प्रवासकथा गाजू लागली. १८३० च्या दशकात हिरोशिगेने तोकाइदोची ठाणी रंगीत ठशांत उतरवली.

९/ १८६९ मध्ये नाकी बंद झाली, १८८९ मध्ये तोकाइदोची आगगाडी एदोच्या जुन्या नगरीपासून कोबेपर्यंत धावू लागली आणि १९६४ मध्ये शिंकान्सेन आली. एकेकाळी पायी सुमारे दोन आठवडे घेणारी वाट आज अडीच तासांच्या आत सरते.

१०/ रस्त्यांची व्यवस्था सत्तेने लावली, ती राज्यकारभारासाठी. त्यांवरून देश पाहण्याचा हक्क मात्र कोणी बहाल केला नव्हता. तो रयतेने देवाच्या नावाने, चिठ्ठ्या टाकून आणि प्रसंगी रात्री दार लोटून, स्वतःच मिळवला.