चीर कोठे थांबते? – रबराच्या मजबुतीच्या शोधाची कहाणी



सायकलची ट्यूब पंक्चर झाली की आपण ती दुकानात नेतो. दुकानदार ट्यूब बाहेर काढतो, हवा भरतो, पाण्याच्या घमेल्यात बुडवतो आणि बुडबुडे कोठून येतात ते पाहतो. मग ती जागा घासून, सोल्युशन लावून ठिगळ दाबतो. आपल्या समाजातील कितीतरी हात हे काम रोज करतात. या कामातच एक प्रश्न दडलेला आहे. रबरातील एखादी बारीक चीर वर्षभर तशीच राहते, तर एखादी जरासा ताण बसताच टरकन लांबत जाते. असे का व्हावे? प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. त्या शोधाची हकीकत आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

रबराच्या झाडाचा चीक दक्षिण अमेरिकेतील लोकांना फार पूर्वीपासून माहीत होता. पण कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत कडक. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यास गंधक मिसळलेले रबर तापवले असता ते टिकाऊ होते असे आढळले. १८४४ साली त्याला पेटंट मिळाले. पण कर्जापायी तुरुंग पाहिलेला हा माणूस १८६० साली कर्जातच वारला. त्याच्या शोधावर पुढे टायर-ट्यूब, पट्टे, नळ्या असे कारखानेच्या कारखाने उभे राहिले. रबर तयार कसे करावे हे कळले. मात्र ते फाटते कसे, हे कोणी नीट सांगू शकत नव्हते. कारखान्यात रबराची पट्टी तुटेपर्यंत ओढीत आणि लागलेले बल लिहून ठेवीत. पट्टीचा आकार बदलला की आकडाही बदले. मग खरा आकडा कोणता मानावयाचा?

या कोड्याची पहिली किल्ली रबरात नव्हे, काचेत सापडली. इंग्लंडमधील ए. ए. ग्रिफिथ या अभियंत्याने १९२०-२१ च्या सुमारास दाखवून दिले की, काच हिशेबापेक्षा कितीतरी कमी बलाने फुटते, कारण तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा आधीपासूनच असतात. चीर पुढे सरकावयाची तर नवा पृष्ठभाग तयार व्हावा लागतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्ची पडते. ताणलेल्या वस्तूत साठलेली ऊर्जा हा खर्च भागवू शकली तरच चीर वाढते. एरवी ती आहे तेथेच थांबते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कृत्रिम रबर मोठ्या प्रमाणावर निघू लागले आणि झाडाच्या रबराला मोठा प्रतिस्पर्धी निर्माण झाला. नैसर्गिक रबराच्या उत्पादकांनी चालविलेली एक संशोधन संस्था इंग्लंडमध्ये वेलविन गार्डन सिटी या गावी होती. तेथे रोनाल्ड रिव्हलिन आणि ए. जी. थॉमस या दोघांनी ग्रिफिथची कल्पना रबराला लावली. त्यांचा निबंध १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी वापरलेला एक नमुना फार गमतीचा आहे. रबराच्या पट्टीला मधोमध लांब काप दिला की तिला विजारीसारखे दोन पाय होतात. हे पाय विरुद्ध दिशांना ओढावयाचे आणि पट्टी किती बलाने फाटत जाते ते मोजावयाचे. पाय फारसे ताणले जात नसतील तर हिशेब सोपा आहे : बलाची दुप्पट करून तिला पट्टीच्या जाडीने भागावे. समजा, पट्टी २ मिलिमीटर जाड आहे आणि ती १० न्यूटन बलाने फाटत आहे. तर चीर एक चौरस मीटर पुढे नेण्यास १०,००० जूल लागतात, असे उत्तर येईल. महत्त्वाची गोष्ट ही की, नमुन्याचा आकार बदलला तरी हा आकडा जवळपास तोच राहिला. रबराच्या फाटण्याला प्रथमच भरवशाचे माप मिळाले.

याच संस्थेत १९४९ साली ॲलन जेंट नावाचा तरुण दाखल झाला. त्याचा जन्म १९२७ साली लेस्टर शहरात झाला होता. अगदी तरुण वयात त्याने तेथील जॉन बुल रबर कंपनीत साहाय्यकाचे काम केले होते. ही कंपनी इंग्लंडमध्ये सायकलचे टायर आणि पंक्चर काढण्याचे साहित्य यांसाठी घरोघरी माहीत होती. पुढे लंडन विद्यापीठाची पदवी, लष्करातील नोकरी, मग संशोधन आणि १९५५ साली डॉक्टरेट असा त्याचा प्रवास झाला. पंक्चरच्या डब्या बनविणाऱ्या कारखान्यातून निघालेला मुलगा रबरशास्त्राचा जगन्मान्य उस्ताद झाला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी जरूर ध्यानात ठेवावी.

जेंट, लिंडली आणि थॉमस यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या कामात एक निराळा प्रश्न घेतला होता. रबर एकदा ताणले तर तुटत नाही, मग हजारो वेळा ताणल्यावर का तुटते? त्यांनी मुद्दाम काप दिलेली पट्टी पुनःपुन्हा ताणली आणि प्रत्येक ताणाबरोबर काप किती वाढतो ते मोजले. मग काप न दिलेली, दिसावयास निर्दोष असलेली पट्टी किती दिवस टिकेल याचा हिशेब मांडला. हिशेब प्रयोगाशी जुळला, पण कधी? त्या निर्दोष पट्टीतही सुमारे एका मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढी चीर सुरुवातीपासून आहे, असे धरले तेव्हा! म्हणजे बिनचिरेचे रबर असे काही नसतेच. धुळीचा कण, साच्यातील ओरखडा, नीट न मिसळलेली भुकटी, काही ना काही दोष असतोच. रबराचे आयुष्य ठरते ते हा दोष किती वेगाने वाढतो यावर.

आता नैसर्गिक रबराची खुबी पाहा. रबराचे रेणू लांबच लांब साखळ्यांसारखे असून ते एकमेकांत गुंतलेले असतात. रबर खूप ताणले की या साखळ्या शेजारी शेजारी ओळीने लागतात आणि त्यांचे स्फटिक बनतात. काट्झ या शास्त्रज्ञाने १९२५ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने हे दाखविले होते. चिरेच्या टोकाशी ताण सर्वांत जास्त, म्हणून स्फटिकही तेथेच जास्त. जेथे धोका अधिक तेथेच रबर आपोआप कणखर होते आणि चिरेची वाट अडवते. दोन ताणांच्या मध्ये रबर पूर्ण सैल सोडले नाही तर ही तटबंदी टिकून राहते आणि नैसर्गिक रबराचे आयुष्य पुष्कळ वाढते, असेही आढळले. ज्या कृत्रिम रबरात असे स्फटिक होत नाहीत त्याला हे साधत नाही.

पुढे लेक आणि लिंडली यांना १९६५ साली आढळले की, एका विशिष्ट मर्यादेखाली, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५० जूलच्या आत, केवळ ताणण्यामुळे चीर वाढतच नाही. हवेतील ओझोन वायू मात्र ताणलेल्या रबरास याहूनही कमी ताणात चिरा पाडू शकतो. वहीला लावून ठेवलेले रबरबँड काही महिन्यांनी आडवे तडकलेले दिसते, त्यात या वायूचा मोठा वाटा असतो.

१९६१ साली जेंट अमेरिकेतील ॲक्रन या टायरच्या शहरी विद्यापीठात गेला आणि २०१२ साली मृत्यू येईपर्यंत त्याचे नाव त्या शहराशी जोडलेले राहिले. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' हे अमेरिकन अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. सात जीव गेले. त्यांत क्रिस्टा मॅकॉलिफ ही शाळेतील शिक्षिकाही होती. अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडे थंडीने मंदावले होते. ते वेळेवर उसळून सांधा बंद करू शकले नाही. आधीच्या उड्डाणांत अशी कडी झिजलेली आढळली होती. आदल्या रात्री अभियंत्यांनी धोक्याची सूचनाही दिली होती. तरी उड्डाण झाले. सांध्याची रचना सुधारण्याचे काम तपासण्यासाठी जे तज्ज्ञमंडळ नेमले गेले, त्यात जेंट याचा समावेश होता. दोष दिसला होता, पण त्याचे माप कोणी मनावर घेतले नव्हते.

रबराने जीव वाचविण्याचेही काम केले आहे. रबराचे आणि पोलादाचे थर एकावर एक जोडून केलेल्या बैठका वरचा भार पेलतात, पण आडव्या धक्क्यात सरकून देतात. १९६६ साली लंडनमध्ये भुयारी रेल्वेजवळची अल्बनी कोर्ट ही इमारत अशा बैठकांवर उभी राहिली. १९८५ साली कॅलिफोर्नियात भूकंपापासून रक्षणासाठी न्यायालयाची मोठी इमारत तशीच बांधली गेली. रबर वर्षानुवर्षे भाराखाली कसे टिकेल हे मोजता येऊ लागले, म्हणूनच एवढा भरवसा टाकता आला.

आणि हे आपल्या महाराष्ट्रातही घडले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिव भागात हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. नव्याने वसविलेल्या किल्लारीत ज्या दोन एकमजली विटांच्या इमारती रबरी बैठकांवर उभारल्या, त्यांपैकी एक दुकानसंकुल होते आणि दुसरी होती शाळा. शिक्षक म्हणून मला या गोष्टीचे फार मोल वाटते. वेलविनच्या विजारीसारख्या पट्टीपासून निघालेली ज्ञानाची वाट मराठी मुलांच्या वर्गाच्या पायापर्यंत पोहोचली!

पालकहो, शेवटी एक विनंती. मूल एका विषयात नापास झाले की काही घरांत लगेच त्याची शाळा सोडवून त्याला कामाला लावतात. काही घरांत निकालपत्रक न पाहताच सही होते. पंक्चर काढणारा कारागीर असे करील काय? तो ट्यूब फेकून देत नाही आणि छिद्र नाकारीतही नाही. पाण्यात बुडवून जागा शोधतो आणि तेवढीच दुरुस्त करतो. चीर कोणात नसते? ती लहान आहे तोवर पाहणे आपल्या हाती आहे. आपल्या मुलामुलींना हे पाहणारे डोळे आणि इल्मची ओढ लाभो, हीच दुआ.