बाप्तिस्मा झाला, चर्चही चुकत नाही, तरी श्रद्धा तिथंच का अडकते? किरकोळ वाटणाऱ्या सवयींची मोठी गोष्ट

पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला आणि इकडे महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, हे बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. त्यापुढचा एक भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही.

तर झालं असं, की बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी रमाबाईंना स्वतःबद्दलच एक अवघड गोष्ट कळली. तोवर त्यांचं नाव जगभर झालं होतं. 1887 मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक अमेरिकेत गाजलं. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. बायबलचा अभ्यास चालू होता, प्रार्थना चालू होती, इंग्लंडमधल्या ख्रिस्ती भगिनींशी धर्मसिद्धांतांवर कडक पत्रव्यवहारही झाला होता. आणि तरीही, 1907 च्या आपल्या साक्षीच्या पुस्तिकेत त्यांनी मागे वळून लिहिलं त्याचा अर्थ असा, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून मिळाला नव्हता.

आता यात पाप कुठलं? चोरी नाही, लबाडी नाही, व्यसन नाही. दिवसाचा प्रत्येक तास चांगल्या कामात गेलेला. नेमकी इथंच मेख आहे. ख्रिस्ती परंपरेत आध्यात्मिक वाढीबद्दल जे काही लिहिलं गेलंय, त्यातला मोठा भाग अशाच गोष्टींबद्दल आहे. मोठं पाप दिसतं, टोचतं, माणूस त्याबद्दल रडून क्षमा तरी मागतो. छोटी सवय दिसतच नाही. बायबलच्या जुन्या करारात गीतरत्न नावाचं पुस्तक आहे. त्यात द्राक्षमळ्याची नासधूस करणाऱ्या लहान कोल्ह्यांना पकडायला सांगितलंय. मुळात ते प्रेमकाव्य. पण मोठ्या जनावरापेक्षा कुंपणाखालून शिरणारं बारकं जनावर जास्त घात करतं, असा त्याचा अर्थ कित्येक शतकं प्रवचनांतून लावला गेलाय.

मग ही बारकी जनावरं कोणती?

सगळ्यात सभ्य दिसणारी सवय म्हणजे देवाच्या कामालाच देव समजणं. क्वायरची तालीम, ख्रिसमसची सजावट, महिला मंडळाचा हिशोब, संडे स्कूल. यातलं काहीच वाईट नाही. लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्ट येते. येशू घरी आलाय, मार्था स्वयंपाकात बुडालीये, मरिया त्याच्यापाशी बसून ऐकतेय आणि मार्थाची चिडचिड होतेय. येशू मार्थाला स्वयंपाक बंद कर म्हणत नाही. तू फार गोष्टींची काळजी करतेस, एवढंच दाखवून देतो. प्रत्येक चर्चमध्ये अशा चार मार्था असतात आणि त्यांच्याशिवाय चर्चचं पान हलत नाही, हेही तितकंच खरं. म्हणूनच या सवयीबद्दल त्यांना कुणी टोकत नाही.

आता जरा नागपुरात येऊ. शहरातली जुनी चर्च आणि ख्रिस्ती वस्ती मुख्यतः सदर, मोहननगर या भागात. नवी कुटुंबं मात्र शहरासोबत दक्षिणेला सरकली. मनीषनगर, बेसा, वर्धा रोडच्या आसपासच्या फ्लॅटमध्ये राहायचं आणि रविवारी सकाळी उपासनेला सदर गाठायचं, म्हणजे शहर ओलांडायचं. एके काळी मनीषनगरचं रेल्वे फाटक हे उशिराचं हुकमी कारण होतं. आता उड्डाणपूल आहे, उज्ज्वलनगरवरून मेट्रोनं कस्तुरचंद पार्कला उतरता येतं. म्हणजे कारण संपलं. पण कोरोनाच्या काळात आणखी एक सोय हाताशी आली, ऑनलाइन उपासना. आजारी माणसाला, म्हाताऱ्या आजीला, बाळंतिणीला ती वरदानच आहे. धडधाकट माणूस मात्र पांघरुणात बसून, चहा घेत, प्रवचन दीडपट वेगानं पळवतो तेव्हा काय होतं? गाणं आवडलं नाही, पुढे ढकललं. पाळकांचा मुद्दा आपल्यावर आला, दुसरा व्हिडिओ लावला. शेजारच्या बाकावरचा नकोसा माणूस तर त्या खोलीत नसतोच. आणि ख्रिस्ती शिकवणीनुसार त्या नकोशा माणसाशीच तर आपल्याला पटवून घ्यायचं असतं.

हा आजार नवा वाटतो, पण तो चांगला सोळाशे वर्षं जुना आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा संन्यासी राहायचा. त्याचा मृत्यू 399 चा. माणसाला देवापासून दूर नेणाऱ्या आठ विचारांची त्यानं यादी केली. त्यातला एक ‘अकेडिया’. मराठीत त्याला आळस म्हणतात, पण तो शब्द तोकडा पडतो. एव्हाग्रियसनं या विचाराला दुपारचं भूत म्हटलंय. भर दुपारी संन्याशाला दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो. तो सारखा खिडकीबाहेर बघतो. जेवायची वेळ झाली का म्हणून सूर्याकडे बघतो. मग आठवतं की इथल्या भावांचं आपल्यावर प्रेमच राहिलेलं नाही. मग वाटतं, दुसऱ्या जागी गेलो तर आपली भक्ती छान होईल, देव काय कुठंही भेटतो.

खिडकीच्या जागी फोन ठेवा. तंतोतंत जुळतं. प्रार्थनेला बसल्यावर तिसऱ्या मिनिटाला नोटिफिकेशन बघणं, बायबलच्या ॲपवरून नकळत रील्सवर पोचणं, ‘या चर्चमध्ये काही मिळत नाही’ म्हणून दर दोन वर्षांनी मंडळी बदलणं, ही सगळी त्या दुपारच्या भुताचीच पोरं. एव्हाग्रियसचा उपाय मात्र फारच कंटाळवाणा आहे: खोली सोडू नकोस. बस तिथंच.

स्टेटसचंही थोडं बोलायला हवं. सकाळी उठल्याउठल्या बायबलचं वचन स्टेटसला ठेवण्यात गैर काही नाही, कुणाला तरी त्यातून खरंच धीर मिळतो. अडचण पुढे आहे. ते वचन किती जणांनी पाहिलं, हे बघण्यात जेवढा वेळ जातो, तेवढा ते वचन वाचण्यात गेला का? मत्तयच्या शुभवर्तमानात येशू प्रार्थनेसाठी आतल्या खोलीत जा, दार लाव, असं सांगतो. चौकात उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलंय, म्हणजे लोकांनी पाहिलं, विषय संपला. व्ह्यूज मोजण्याच्या दोन हजार वर्षं आधीचं हे निरीक्षण आहे.

आणि ‘प्रार्थनेत ठेवा’चं काय? प्रार्थनेच्या ग्रुपवर एखाद्या घरातलं भांडण, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, कुणाच्या मुलाला दारू लागली, हे ‘प्रार्थनेसाठी’ म्हणून सांगितलं जातं. सांगणाऱ्या मावशींना त्यात चुगली केल्यासारखं अजिबात वाटत नाही. उलट पुण्य पदरी पडल्यासारखं वाटतं. ज्या घराबद्दल बोललं जातं ते कुटुंब मात्र पुढच्या रविवारपासून येईनासं होतं. याकोबाच्या पत्रात जिभेला रान पेटवणारी ठिणगी म्हटलंय ते उगीच नाही.

पण मराठी ख्रिस्ती इतिहासात छोट्या सवयीची सगळ्यात मोठी गोष्ट सांगायची, तर लक्ष्मीबाई टिळकांकडे जावं लागतं. आणि तिचीही सुरुवात नागपूरच्या रस्त्यानंच होते. कवी नारायण वामन टिळक त्या काळात नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं काम करत होते. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाची गाठ पडली, गप्पा झाल्या, त्यानं त्यांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. नंतर नगरला त्यांच्याजवळ आल्या, तरी सोवळं-ओवळं सुटेना. कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाचा स्पर्श चालत नाही, हा हिशोब मनात चालूच. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सगळं स्वतःवर हसत लिहिलंय. हसण्याआड किती यातना आहेत ते वाचताना कळतं.

यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे क्रम. लक्ष्मीबाईंनी आधी देव बदलला आणि मग सवय, असं घडलं नाही. आधी त्यांच्या मनानं जात सोडली. जात देवानं केलेली नाही, माणसानं केली, हे त्यांना स्वतःच्या विचारानं पटलं. मग त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. एक घोट पाणी ही केवढीशी गोष्ट. पण तो घोट अडला होता तोवर पुढचं सगळं अडलं होतं.

बाप्तिस्मा घेऊनही तो घोट अडलेलाच राहिला, अशी माणसं कमी नव्हती आणि आजही नाहीत. लग्न जुळवताना मंडळीत हळूच विचारला जाणारा ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न गावाबद्दल नसतो, हे विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. रविवारी एकाच भाकरीतून प्रभुभोजन घ्यायचं आणि सोमवारी सोयरिकीसाठी मूळ जात शोधायची, यापेक्षा वाढ खुंटवणारी दुसरी सवय शोधून सापडायची नाही.

जातीची सख्खी बहीण म्हणजे पंथाचा अभिमान. नागपूर त्याचंही उत्तम उदाहरण आहे. ज्यांच्या नावानं हिस्लॉप कॉलेज आहे, ते स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इकडे आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे. हे फ्री चर्च कधी जन्मलं? दोनच वर्षं आधी, 1843 मध्ये, स्कॉटलंडच्या चर्चमध्ये उभी फूट पडली तेव्हा. भांडण कुठलं आणि त्याची पाटी लागली कुठं! असे कुठकुठले तंटे बोटीत बसून भारतात आले आणि इथल्या माणसांनी ते वारसाहक्कानं सांभाळले. बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की कळत्या वयात, पाणी शिंपडायचं की बुडवायचं, बिशप हवा की नको.

मग 29 नोव्हेंबर 1970 ला याच नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आलं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचं संयुक्त चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. याची बोलणी 1929 पासून चालू होती. म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट तर ऐन शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर तोडगा असा निघाला, की दोन्ही पद्धती चालतील. उत्तर एका ओळीचं होतं, सवय सोडायला चार दशकं गेली.

कॅथलिक परंपरेत या बारक्या सवयी पकडायचं एक साधं तंत्र आहे. सोळाव्या शतकात इग्नेशियस लॉयोलानं ते मांडलं. दिवसाचा हिशोब देवासमोर मांडायचा: आज कशाबद्दल आभार, कुठं मन देवापासून सरकलं, उद्या काय करायचं. त्यातली खास युक्ती अशी, की सगळे दोष एकदम धरायचे नाहीत. एकच निवडायचा, दिवसभरात तो किती वेळा घडला ते मोजायचं आणि आजचा आकडा कालच्या शेजारी ठेवायचा. स्टेप्स मोजणाऱ्या पिढीला हे जड जाऊ नये. फक्त हा आकडा कुणाला दाखवायचा नसतो.

राहिली एक सवय, ऐकीव श्रद्धेची. म्हणजे बायबल पाळकांनी वाचायचं, फादरनी समजावायचं, आपण मान डोलवायची आणि वर्षाच्या सुरुवातीला मिळालेलं वचनाचं कार्ड फ्रिजवर लावायचं. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात अशा लोकांना उद्देशून म्हटलंय, की एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं आणि तुम्हाला अजून दूधच पाजावं लागतंय.

यावर रमाबाईंनी जे केलं ते थक्क करणारं आहे. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, तेही मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा स्वतः शिकून. मराठी बायबल आधीपासून होतं, पण त्याची भाषा संस्कृतकडे झुकलेली. मुक्तीत आलेल्या बायका दुष्काळातून वाचलेल्या, खेड्यापाड्यातल्या, नुकत्या अक्षर शिकलेल्या. त्यांना कुणाला न विचारता वाचता यावं, म्हणून रमाबाईंनी शब्द सोपे केले. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. 1924 मध्ये ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. छपाईच्या कामाला तिथल्याच बायका होत्या.