गुलमर्गची स्नो स्कूटर

जबलपूरला पोस्टिंग आहे. बर्फ इथे फक्त रसवंतीत. तरी दीक्षितपुऱ्यातले एक काका काश्मीर फिरून आले आणि गुलमर्गच्या ‘स्नो बाइक’चा फोटो दाखवून म्हणाले, “साहेब, फौजेत असतं का हो हे?” असतं. आम्ही स्नो स्कूटर म्हणतो.

पुढे दोन स्की, मागे फिरणारा रबरी पट्टा. कॅनडाच्या बोंबार्दिए यांनी १९५९ मध्ये हलकी ‘स्की-डू’ बाजारात आणली. गुलमर्गला त्याआधीच, १९४८ मध्ये, मेजर जनरल थिमय्यांच्या १९ डिव्हिजनचं स्की स्कूल निघालं होतं. आजचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल ते हेच. तेव्हा सगळा भार पाय, स्की आणि पाठीवर.

१९८४ नंतर सियाचिनवर स्कूटरची खरी परीक्षा झाली. १८,००० फुटांवर हवेचा दाब जेमतेम निम्मा. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल जास्त पडतं, लहान जेट बसवावा लागतो, तरी ताकद घटतेच. बर्फाखाली दडलेल्या भेगेपुढे इंजिन काय करणार? तिथे दोर बांधून पुढे चालणारा माणूसच हवा. पण हेलिकॉप्टर उडू शकत नाही त्या दिवशी, मागे स्लेज जोडलेल्या स्कूटरवरून आजारी जवान लवकर खाली येतो. माझ्या लेखी तिची किंमत तेवढ्यासाठीच.

गुलमर्गला आता ती पर्यटक फिरवते. शेजारी लाकडी स्लेज ओढणारे स्थानिक गिऱ्हाइकाची वाट पाहत उभे असतात. घासाघीस मात्र त्यांच्याशीच जास्त होते. २०२४ च्या जानेवारीत बराच काळ बर्फच पडला नाही. उतार तपकिरी, स्कूटरवाले आणि स्लेजवाले दोघेही रिकामे.