घोंगडीच्या सुताचा इतिहास

स्मरणिकेच्या पानांतून आपल्या समाजाचा इतिहास दरवर्षी प्रसिद्ध होतो, तो बहुधा तलवारीचा असतो. सुभेदार मल्हारराव होळकर, पुण्यश्लोक अहिल्यादेवी व यशवंतराव महाराज यांची चरित्रे आपल्या मुलांस मुखोद्गत असावीत, हे योग्यच आहे. आपल्या जालना जिल्ह्यास तर तो इतिहास अंगणातला आहे. भोकरदन तालुक्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. होळकर त्या दिवशी त्यांच्या बाजूस नव्हते. पुढे ते एकटे लढले आणि १८०५ च्या अखेरीस त्यांसही तह करावा लागला. ती फूट पडली नसती तर काय झाले असते, हा वाद मी आपल्या मेळाव्यांत चाळीस वर्षे ऐकत आलो आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र निराळा आहे. त्याच तालुक्यातील एका लहान गावी, आमच्या अंगणात, मी बालपणी जे पाहिले तेही इतिहासात मोडते असे मला वाटते.

घोंगडी ही एका घराची वस्तू कधीच नव्हती. दख्खनी मेंढीची वर्षभराची लोकर अर्ध्या किलोच्या आतबाहेर भरते. म्हणजे अडीच किलोंच्या घोंगडीस पाच-सहा मेंढ्यांची वर्षाची लोकर लागणार. कातरणी पुरुषांनी करावी, लोकर निवडून, पिंजून तिचे पेळू करावेत आणि ते स्त्रियांनी कातावेत. मग सुताचा ताणा गल्लीत खुंट्यांवर ताणून त्यास चिंचोक्याची खळ कुंच्याने द्यावयाची आणि शेवटी खड्डामागावर विणकाम करावयाचे. खुटेकर हे नाव या खुंट्यांवरूनच पडले, असे जुने लोक सांगत. इतरत्र हेच विणकाम सनगर बंधू करीत आले. एक माग चालता ठेवावयाचा तर चार-पाच चरखे फिरते असावे लागत. विणकर माग थांबवून बसला आहे आणि सूत नाही, असे प्रसंग वारंवार येत. म्हणून बायांनी एकत्र बसण्याची रीत पडली असावी.

दिवाळीनंतरच्या कातरणीची लोकर घरी आली की आमच्या अंगणात रात्रीची बैठक भरे. जेवणे उरकून आठ-दहा बाया आपापला चरखा काखेत घेऊन येत. मधोमध एक कंदील, शेजारी शेकोटी. परंतु शेकोटीपासून लोकर लांब ठेवण्याविषयी आजीचा कटाक्ष असे. जात्यावरच्या ओव्या तेथे चरख्यावर येत. शेतात सावड असते तशी ही सुताची सावड होती. आज एकीच्या घरची लोकर, उद्या दुसरीच्या. ज्या घरी लग्न असेल त्या घराची लोकर आधी कातली जाई. गल्लीतील एका तरुण विधवेकडे मेंढरू उरले नव्हते. तरीही तिचा चरखा रोज येई, आणि हंगामाच्या शेवटी प्रत्येकीच्या लोकरीतून मूठ-मूठ काढून तिच्या लेकरांपुरती घोंगडी निघे. तिला कोणी दिले असे म्हणत नसत. तिचा वाटा म्हणत.

या बैठकीस स्वर्ग ठरविण्याचा माझा हेतू नाही. जाड सूत काढणारीस टोमणे बसत, सासुरवासाच्या कागाळ्या होत, एकदा तर पेळूंच्या मोजणीवरून दोन जावा वर्षभर अबोल राहिल्या. तथापि एक गोष्ट मी शिक्षक झाल्यावर मला उमगली. आमच्या गावी हटकर व खुटेकर यांच्यात त्या काळी बेटीव्यवहार नव्हता. पुरुषमंडळी पंचांच्या बैठकीस बसताना कोण कोठे बसतो हे पाहून बसत. चरख्याच्या बैठकीत मात्र जागा उजेडावर ठरे. जिची दृष्टी मंद तिने कंदिलाजवळ बसावे, एवढाच नियम. पोटजाती मोडण्याचे ठराव आपल्या संस्थांनी पुढे अनेक वेळा केले. त्या बायांनी ठराव केल्याचे कोणास आठवत नाही.

अहिल्यादेवींनी महेश्वरी विणकर आणून वसविले व तेथील माग नावारूपास आणले, हे आपण अभिमानाने सांगतो. मागास सूत पुरविणाऱ्यांची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. आपले भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन. येथील दात्यांची नावे सांचीच्या शिलालेखांत कोरलेली आहेत. दान देणाऱ्याचे नाव दगडावर राहते. सूत कातणारीचे नाव घोंगडीबरोबर झिजून जाते.

बैठक मोडली ती १९७२ च्या दुष्काळात. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. चारा नाही, पाणी नाही. मेंढरे मिळेल त्या भावाने गेली. अंगणातल्या बाया खडी फोडण्यास गेल्या, आणि रात्री चरखा धरण्याजोगे हात कोणाचेच उरले नाहीत. लाल मिलो आणि सुकडी यांवर आम्ही ते साल काढले. पुढे पाऊस आला, हळूहळू मेंढरेही आली. बैठक मात्र पुन्हा भरली नाही. लोकर आता व्यापाऱ्यास वजनावर जाऊ लागली होती आणि बाजारात पानिपतची स्वस्त ब्लँकेटे येत होती. मागाचा खड्डा बुजवून विणकराच्या मुलाने तेथे कडब्याची गंजी रचली. आज तर कातरणीची मजुरीही लोकरीच्या किमतीतून निघत नाही. पुष्कळ मेंढपाळ लोकर रानातच टाकून येतात. मेंढी उरली आहे ती मांसासाठी.

आमच्या घरी त्या बैठकीच्या सुताची एक घोंगडी आहे. लग्नकार्यात वडीलधाऱ्यांस बसावयास ती अंथरतात. नीट पाहिले तर तिच्यात काळ्याचे चार-पाच निरनिराळे पट्टे दिसतात. कोठे सूत बारीक, कोठे गाठाळ. माझी आत्या त्यावरून हात फिरवून सांगत असे, "हे वरल्या आळीच्या काकूचं, हे माझं, अन् हे गाठीगाठीचं तुझ्या आजीचं, तिला रातचं दिसत नव्हतं." आत्या जाऊन आता नऊ वर्षे झाली. एका कडेस चार बोटांचा एक अतिशय मऊ पट्टा आहे, बहुधा जावळाच्या लोकरीचा. तो कोणाच्या हातचा, हे तिला विचारावयाचे माझ्याकडून राहून गेले.