घाट जुना, घडण नवी

वांद्र्यात लांब बॉनेटची, उघड्या टपाची, जुन्या इंग्लिश वळणाची दोन आसनी मोटार विकायला निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडी अस्सल विंटेज आहे की नक्कल? उत्तर 'नक्कल' असे आले की किंमतही उतरते आणि कुतूहलही. हा प्रश्न मला अपुरा वाटतो. हाताने घडवलेल्या वस्तूचा अस्सलपणा तिच्या घडणीत शोधायला हवा, केवळ जन्मसालात नव्हे. तो जन्मसालात शोधत राहिल्यामुळेच मोटार हाताने घडवण्याची आपल्याकडची कारागिरी नीट उभी राहण्याआधीच दुर्लक्षित राहिली.

ज्या इंग्लंडातून हा घाट आला, तिथे तरी अस्सल आणि नक्कल यांच्यात रेघ कुठे ओढता येते? कॉलिन चॅपमन यांनी 1957 साली 'लोटस सेव्हन' आणली. नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि गरजेपलीकडचे काहीही नाही. पुऱ्या मोटारीवर खरेदीकर लागे, सुट्या भागांवर लागत नसे. म्हणून कित्येक गिऱ्हाइकांनी ती सुटी नेऊन घरीच जोडली. 1973 मध्ये लोटसने तिचे हक्क केटरहॅमला दिले आणि तोच घाट आजही तिथे घडतो. माल्व्हर्नची मॉर्गन कंपनी 1909 पासून चालत आली आहे. तिथले सुतार अजूनही बॉडीच्या आतला सांगाडा ॲश लाकडाचा करतात. रॉबर्ट जँकेल यांच्या पँथर कंपनीने तर 1972 मध्ये 'जे72' ही मोटार काढली, तीच मुळी 1930च्या दशकातल्या जॅग्वार एसएस 100च्या धर्तीवर. म्हणजे मूळ कंपनीने सोडलेला घाट दुसऱ्याने चालवला, आणि जुन्या घाटावर नवी यंत्रे बसली. तरी या सगळ्या मोटारी इंग्लिश कारागिरीच्या इतिहासातच मोडतात, कारण त्यांच्यामागे कारागिरांचे हात आहेत.

तोच घाट समुद्रापलीकडे अलिबागजवळ येऊन पोहोचला. कार्लेखिंडीत गीडो बोथे या जर्मन गृहस्थांच्या चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या वळणाची 'रोडस्टर' बांधली. नळ्यांच्या सांगाड्यावर फायबरची बॉडी, आणि आत ॲम्बेसेडरमध्ये बसणारे इसुझूचे 1.8 लिटरचे इंजिन. 1990च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात 'सॅन स्टॉर्म' ही फायबर बॉडीची छोटी उघडी मोटार तयार होऊ लागली. तिला रेनॉचे इंजिन होते. त्याच्या कितीतरी आधी, 1940च्या दशकात, इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' ही छोटी मोटार घडवायला घेतली होती. ती रस्त्यावर धावली, पण कारखान्यापर्यंत पोहोचली नाही. 1951च्या उद्योग कायद्याने परवाना सक्तीचा केला, आणि 1953च्या टॅरिफ आयोगाच्या अहवालानंतर देशी उत्पादनाचा आराखडा नसलेल्या परदेशी कंपन्यांनी इथून गाशा गुंडाळला. हे धोरण मोठ्या कारखान्यांसाठी आखले होते. वर्षाला पाच-पंचवीस गाड्या करणाऱ्या माणसाचा विचार त्यात नव्हता.

उसना घाट आपला होऊ शकतो का, याचा पुरावा हवा असेल तर वांद्र्याच्या टेकडीकडे पाहावे. माउंट मेरी चर्चची आजची वास्तू 1904 सालची. घाट युरोपातल्या गॉथिकचा, भाविक इथले, सगळ्या धर्मांचे, आणि वास्तुरचनाकार शापूरजी चंदाभॉय. या वास्तूला नक्कल म्हणून कोणी कमी लेखत नाही. गॉथिकचे मूळ युग उलटून शतके लोटली होती, तरी तिला आपण वारसा मानतो, कारण इथल्या माणसांनी ती इथे उभारली आणि इथल्या माणसांनी ती जपली. वास्तूला लावलेला न्याय मोटारीला का लावू नये?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की हा श्रीमंतांचा शौक आहे आणि त्यात साहेबी काळाची ओढ आहे. गिऱ्हाईक श्रीमंत असते हे खरे. पण पैठणीचे गिऱ्हाईकही सहसा गरीब नव्हते, तरी पैठणीचा इतिहास आपण विणकरांचा म्हणूनच सांगतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अशा मोटारीत एअरबॅग नसते, धुराचे नियम ती कसे पाळणार? या बाबतीत सूट मागणे मला मान्य नाही. रस्ता सर्वांचा आहे. पण परीक्षा कशी घ्यायची, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे नव्या मॉडेलचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. लाख गाड्या विकणारा तो खर्च लाखांवर वाटतो, दहा विकणाऱ्याला तो दहांवरच वाटावा लागतो. ब्रिटनमध्ये एकेकट्या गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देण्याची सोय आहे. तशी सोय म्हणजे नियम सैल करणे नव्हे, लहान कारागिराला परीक्षेला बसू देणे होय.

आपल्या कायद्याने 2021 मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली, हे चांगलेच झाले. पन्नास वर्षांहून जुनी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी आता 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक लावून जपता येते. त्यामुळे वस्तूला संरक्षण मिळाले, पण कौशल्य उघड्यावरच राहिले. जुनी गाडी जपायची तर हाताने पत्रा ठोकणारा, सांगाडा जुळवणारा आणि साच्यातून फायबरचा मडगार्ड काढणारा माणूस लागतोच, आणि तो केवळ दुरुस्तीच्या कामावर तयार होत नाही. त्याला काही नवे घडवायला मिळावे लागते. म्हणून जुन्या घाटाची अशी मोटार विक्रीला आली तर तिचे साल जरूर विचारावे, कागदपत्रे आणि ब्रेक नीट तपासावेत. पण त्याबरोबर ती कोणी बांधली आणि तो माणूस आज काय बांधतो आहे, हेही विचारावे. असे विचारणारी गिऱ्हाइके असतील, तर कार्लेखिंडीत जे झाले ते आणखी कुठेतरी होऊ शकेल.