बारदानापासून पॅलेटपर्यंत

माल एका गावाहून दुसऱ्या गावी जातो तेव्हा त्याच्याबरोबर आणखी एक वस्तू प्रवास करते. कधी ते पोते असते, कधी खोका, तर कधी फळ्यांची चौकट. मुक्कामी पोचल्यावर मालाला गिऱ्हाईक मिळते. या सोबत्याचे पुढे काय होते? पर्यावरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला हा प्रश्न आपण वाशीम जिल्ह्याच्या उदाहरणावरून समजावून घेऊ.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यातील कारंजा ही कापसाची जुनी बाजारपेठ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळहून दारव्हा, कारंजामार्गे मूर्तिजापूरपर्यंत ११३ किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग टाकण्यात आला. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे नेणे हा त्याचा मुख्य हेतू होता. ‘शकुंतला’ म्हणून पुढे प्रसिद्ध झालेली गाडी याच मार्गावरची. या रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर, तर मूर्तिजापूरहून मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या मार्गाचे १६७६ मिलिमीटर. छोट्या गाडीचे डबे मोठ्या रुळांवर जाऊ शकत नसत. त्यामुळे मुंबईकडे जाणारी रुईची प्रत्येक गाठ मूर्तिजापुरात एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. गाडी बदलण्याचा हा भार माणसांच्या पाठीवर पडे.

चढउताराचा हा प्रश्न जगभर होता. एकेक नग उचलण्याऐवजी अनेक नग एका चौकटीवर रचून ती चौकटच यंत्राने उचलावी, हे त्यावरचे उत्तर. या चौकटीला पॅलेट म्हणतात. तिच्या फटींत फोर्कलिफ्ट यंत्राचे दोन दांडे शिरतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने पॅलेटचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. युद्धानंतर ऑस्ट्रेलियात मागे राहिलेल्या सामग्रीतून तेथील सरकारने सामाईक वापराची व्यवस्था उभी केली. युरोपातील रेल्वे कंपन्यांनी १९६१ साली एकाच मापाचे पॅलेट ठरवले : लांबी १२०० मिलिमीटर, रुंदी ८०० आणि उंची १४४. त्यात ११ फळ्या, ९ ठोकळे आणि ७८ खिळे असतात. भार पेलण्याची क्षमता १५०० किलो, म्हणजे वजनाच्या हिशेबाने ५० किलोंची ३० पोती.

माप एक ठरल्यामुळे अदलाबदल शक्य झाली. भरलेले जितके पॅलेट उतरवायचे, तितकेच रिकामे परत न्यायचे. फळी मोडली तर ती बदलून पॅलेट पुन्हा कामाला लावायचे. समजा, एका पॅलेटने २० फेऱ्या केल्या, तर प्रत्येक फेरीच्या वाट्याला त्यातील लाकडाचा विसावा हिस्सा येतो. एकाच फेरीनंतर ते फेकले तर सगळे लाकूड त्या एका फेरीच्या खाती जमा होते.

मात्र रिकामे पॅलेट परत आणायलाही डिझेल लागते. १५ पॅलेट एकावर एक रचले तरी २ मीटरहून उंच थप्पी होते. म्हणजे फायदा परतीच्या अंतरावरही अवलंबून असतो.

लाकडाबरोबर किडेही प्रवास करतात. आशियातील लांब मिशांचा भुंगेरा १९९६ साली न्यूयॉर्कच्या झाडांवर आढळला. तो वेष्टनाच्या लाकडातून गेला असावा, असे मानले जाते. म्हणून २००२ साली आंतरराष्ट्रीय नियम झाला : परदेशी जाणारे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटे तापवावे किंवा त्याला मिथिल ब्रोमाइडची धुरी द्यावी. हा वायू ओझोनच्या थराला घातक आहे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार त्याचा इतर वापर आवरला गेला, परंतु कीडनियंत्रणाच्या अशा कामांना सूट राहिली. पॅलेटवरील शिक्क्यात ‘एचटी’ म्हणजे तापवलेले आणि ‘एमबी’ म्हणजे धुरी दिलेले, अशी रोमन अक्षरे असतात. ‘एमबी’ लाकूड सावधगिरी म्हणून चुलीत घालू नये किंवा त्याचे बाक करू नयेत.

आता पुन्हा वाशीमकडे वळू. सोयाबीन आणि तुरीच्या बाजारात तागाचे पोते रिकामे झाले की त्याला ‘बारदान’ म्हणून स्वतंत्र किंमत असते. फाटले तर दाभण-सुतळीने ते शिवतात. भरायच्या लायकीचे उरले नाही की त्याचे पायपुसणे होते आणि अखेर ते मातीत कुजते. विकणारा, शिवणारा आणि पुन्हा भरणारा जवळपासच असल्याने त्याची परतीची वाट आखूड असते. गोदामातही पोत्यांना ओल लागू नये म्हणून ती लाकडी चौकटींवर रचतात. या चौकटी जागच्या जागी पुन्हा पुन्हा वापरता येतात. यंत्रांबरोबर दूरच्या कारखान्यातून आलेल्या पॅलेटला मात्र अशी परतीची वाट क्वचितच मिळते. ते मोडून सरपणात जाते किंवा एखाद्या सुताराच्या हाती लागते.

जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग खुला झाला. रस्ता झाला की माल वाढतो आणि मालाखालचे लाकूडही. ते कोण, कुठे आणि किती खर्चाने परत नेणार, हे आधी ठरले तरच त्याचा पुनर्वापर होईल.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन जवळच्या बाजार समितीत जावे. एक पोते किती वेळा भरले जाते आणि गावात आलेले एक पॅलेट किती दिवस टिकते, याची नोंद ठेवावी. दोन्ही नोंदी शेजारी मांडल्या की परतीच्या वाटेची किंमत मुलांना आकड्यांत दिसेल.