तेहेतीस फुटांची साखळी

एडमंड गंटर हा लंडनमधला खगोलशास्त्राचा प्राध्यापक. 1620 च्या सुमारास त्याने जमीन मोजण्यासाठी 66 फूट लांबीची, 100 कड्यांची साखळी ठरवून दिली. अशा दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. हिशेब दशमान, काम दोन माणसांत होणारे. मुंबई इलाख्यात हीच साखळी निम्मी झाली, 33 फुटांची. कड्यांचे शंभर भागही गेले आणि रुपयाच्या हिशेबाने तिचे सोळा आणे पडले. साखळीचा एक आणा म्हणजे पावणेपंचवीस इंच. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, 1089 चौरस फुटांचा; असे 40 गुंठे झाले की एकर. सावदा-फैजपूर भागात केळीची जमीन घेणारा आज ज्या गुंठ्याने भाव करतो, त्याची लांबीरुंदी या लोखंडाने ठरवलेली आहे. मोजणी खात्यातली माणसे तिला शंकुसाखळी म्हणत.

साखळीच्या आधी आपल्याकडे मोजणी नव्हती, असे मुळीच नाही. शिवकाळातली काठी पाच हात पाच मुठींची होती. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. त्याही आधी मलिक अंबरने जमीनधाऱ्याची घडी बसवली होती. पण काठी असली तरी दर वर्षी ती शेतात फिरत नसे. बहुतेक काम नजरपाहणीवर चाले, आणि पाहणाऱ्याची नजर कुठे वळायची ते पाटील, देशमुख, देशपांडे यांच्याशी असलेल्या संबंधांवर ठरे. दुसऱ्या बाजीरावाने तर महालच्या महाल बोली लावून इजाऱ्याने दिले. जास्त बोलणाऱ्याला मामलत, आणि त्याने ती रक्कम रयतेकडून कशी काढायची ते त्याचे तो जाणे. साखळीवर टीका करताना हा भाग विसरू नये. तिच्या आधीचा काळ सोन्याचा नव्हता.

1818 ला इंग्रज आले तेव्हा त्यांना आधी हवी होती ती खात्रीची वसुली. पुणे भागात पहिली मोठी मोजणी केली आर. के. प्रिंगल याने. हा हेलीबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकलेला. जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्यातला ठरावीक हिस्सा सरकारने घ्यायचा, हे अर्थशास्त्र त्याने पुस्तकातून उचलून शेतात आणले. ते फसले. धारा पेलेना, लोक गावे सोडून जाऊ लागले. मग 1835-36 च्या सुमारास इंदापूरला गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी नवी रीत बसवली. 1847 मध्ये या दोघांनी डेव्हिडसनबरोबर एक संयुक्त अहवाल लिहून ती रीत पक्की केली. पुढे सगळ्या इलाख्यात तीच चालली, आणि आपल्या भूमी अभिलेखांचा पाया अजूनही तोच आहे.

ही रीत समजून घेण्यासारखी आहे. आधी गावाच्या जमिनीचे तुकडे पाडायचे. एका बैलजोडीने कसता येईल एवढा एक तुकडा, म्हणजे एक नंबर. नंबर मोठा असेल आणि त्यात अनेक धारक असतील तर पोटहिस्से. हद्दीला दगड, मातीचे बुरूज, वरोळ्या. साखळीची मापे टिपणात लिहायची, त्यावरून क्षेत्राचा हिशेब गुणाकार बुकात करायचा. मोजणीदार पुढे गेला की मागून प्रतबंदीवाला येई. तो जमिनीत खड्डा घेऊन माती किती खोल आहे ते हाताने मोजी. पावणेदोन हात खोल काळी माती असेल तर सोळा आणे प्रत. खालची नववी प्रत दोन आण्यांची. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणे अशा दोषांना प्रत उतरे. शेवटी आकार, म्हणजे सारा, ठरे, आणि तो तीस वर्षे बदलायचा नाही असे वचन.

कागदावर ही पद्धत वाईट नव्हती. शेतकऱ्याला बांधून दिलेला आकडा, तोही तीस वर्षे! विहीर खणली, बांध घातला, तरी त्या मुदतीत सारा वाढणार नाही. इजारदाराची सद्दी त्यामुळे नक्कीच संपली.

मग या मोजणीविरुद्ध खानदेशातल्या सावद्याचे लोक का उठले?

सावदा तेव्हा साधे गाव नव्हते. 1763 मध्ये निजामाकडून ते पेशव्यांकडे आले आणि पुढे सरदार रास्ते यांच्याकडे गेले. गोपिकाबाई पेशवे या रास्त्यांच्याच घरातल्या. इंग्रजी अमलात सावदा तालुक्याचे ठाणे होते, बाजारपेठ भरभक्कम होती. तापीच्या उत्तरेची, सातपुड्याच्या पायथ्याची ही जमीन काळी आणि खोल. प्रतबंदीत सोळा आणे पडणारी जमीन असेल तर ती इथेच. म्हणजे साखळी इथे आली तर आकार चढणार, हे ओळखायला अर्थशास्त्र लागत नव्हते. 1852 मध्ये मोजणी येऊ लागली तेव्हा सावद्याला दहा ते पंधरा हजारांचा जमाव गोळा झाला. लष्कराची तुकडी येऊन पुढाऱ्यांना पकडेपर्यंत तो पांगला नाही. 1880 मध्ये सरकारने छापलेल्या खानदेश गॅझेटियरमध्ये सावद्याच्या नोंदीत ही हकीकत दोन ओळींत उरकलेली आहे. कापसाच्या आणि बाजाराच्या माहितीला त्याहून जास्त जागा.

या उठावामागे वतनदारांचा हात होता, असे म्हणणे सोपे आहे, आणि त्यात तथ्यही असावे. साखळीने सगळ्यात जास्त नुकसान देशमुख-देशपांड्यांचे होत होते. गावच्या जमिनीची माहिती आजवर त्यांच्या दप्तरात आणि डोक्यात होती, ती आता सरकारी कागदात जाणार होती. पण दहा-पंधरा हजार माणसे नुसती वतनदाराच्या हाकेने येत नाहीत. कसणाऱ्याला एक गोष्ट कळली होती. जो मोजतो तो ठरवतो. आजवर चुकीचे मोजणाऱ्याशी गावात भांडता येत होते, घासाघीस करता येत होती, चार ओरडून दोन कमी करून घेता येत होते. साखळी फिरल्यावर आकडा पुस्तकात चढणार आणि पुस्तकाशी भांडायला जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागणार. माझ्या मते जमावाने साखळीचे मर्म बरोबर ओळखले होते. फक्त ते मांडायला त्यांच्याजवळ अहवाल नव्हता.

योगायोग असा की त्याच 1852 साली विंगेटने सरकारला लिहून कळवले की न्यायालये सावकाराच्या बाजूने हुकूमनामे देतात आणि शेतकरी त्यात बुडतो आहे. ज्या आकारामुळे जमिनीला पक्का नंबर आणि पक्की किंमत आली, त्याच नंबरामुळे ती गहाण टाकणे आणि जप्त करणे सोपे झाले. विंगेट विलायतेला परतला आणि 1859 मध्ये त्याने हिंदुस्थान-इंग्लंड आर्थिक संबंधांवर एक पुस्तिका लिहिली. हिंदुस्थानातून इंग्लंडला जाणाऱ्या पैशाबद्दलचे त्यातले लिखाण पुढे आर्थिक इतिहास लिहिणाऱ्या रमेशचंद्र दत्तांना उपयोगी पडले. साखळी घेऊन आलेल्या माणसानेच साखळीच्या मालकांवर टीका करावी, हे या इतिहासातले मला सगळ्यात विलक्षण वाटणारे प्रकरण.

अशीच साखळी साठ वर्षांनी दुसरीकडेही पोचली, ती कोरियात. जपानने ऑगस्ट 1910 मध्ये कोरिया खालसा केला आणि काही आठवड्यांत भूमी सर्वेक्षणाचे खाते उघडले. 1912 मध्ये त्याचा कायदा आला, 1918 मध्ये काम संपले. सुमारे 1 कोटी 91 लाख तुकडे मोजले गेले. तिथेही आधी मोजणी होतीच. जुने माप ग्योल हे उत्पन्नावर बेतलेले. सुपीक जमिनीचा ग्योल लहान, हलक्या जमिनीचा मोठा. 1898 पासून कोरियाच्या राजवटीने स्वतःची नवी मोजणीही चालवली होती; 1904 मध्ये रशिया-जपान युद्धाच्या धामधुमीत ती बंद पडली. जपानी मोजणीत मालकाने मुदतीत आपली जमीन नोंदवायची होती. राजघराण्याच्या आणि सरकारी खात्यांच्या जमिनी थेट सरकारजमा झाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच 1908 मध्ये स्थापन झालेल्या ओरिएंटल डेव्हलपमेंट कंपनीकडे गेल्या. पिढ्यान्पिढ्या कसणाऱ्या कुळांचे रिवाजाने मिळालेले हक्क कागदावर आलेच नाहीत. देशातली चाळीस टक्के जमीन जपान्यांनी लुबाडली, असे कोरियाची पाठ्यपुस्तके बरीच वर्षे शिकवत. नंतरच्या संशोधकांनी तो आकडा फुगवलेला ठरवला आणि त्यावरून तिथे आजही कडाक्याचे वाद होतात. आकडा काहीही असो, कुळाचे नाव वहीत नव्हते, यावर फारसा वाद नाही.

1945 मध्ये जपानी गेले, नकाशे राहिले. 1:1200 प्रमाणाचे ते कागद टोकियोचा मूळबिंदू धरून काढलेले. जागतिक मोजणीपद्धतीशी ताडले तर ते जवळपास 365 मीटर सरकलेले निघतात. कागदावरची हद्द आणि जमिनीवरची हद्द जुळत नाही असे तुकडे सुमारे पंधरा टक्के. म्हणून दक्षिण कोरियाने 2011 मध्ये खास कायदा केला आणि 2030 पर्यंत देशाची फेरमोजणी पुरी करायचे ठरवले. म्हणजे स्वतंत्र झाल्यावर पंचाऐंशी वर्षांनी. क्षेत्राचे त्यांचे माप प्यॉंग, जपानी त्सुबोएवढेच, 3.3 चौरस मीटरचे. जुलै 2007 पासून सरकारने व्यवहारात त्याला बंदी केली, तेव्हा घरे विकणाऱ्यांनी भाव दर 3.3 चौरस मीटरला लिहायला सुरुवात केली! कायदा पाळला गेला आणि प्यॉंगही टिकला. आपला गुंठा साधारण साडेतीस प्यॉंगांचा.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? 1903 मध्ये अधिकार अभिलेखाचा कायदा झाला. आजच्या सातबाऱ्याची मुळे त्या नोंदींत आहेत. 1936 च्या डिसेंबरात शेजारच्या फैजपुरात नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यातले पहिलेच. तिथे शेतीविषयक कार्यक्रम मांडला गेला आणि त्यात शेतसारा कमी करण्याची मागणी होती. सावद्याच्या जमावाची गाऱ्हाणी चौऱ्याऐंशी वर्षांनी, तेवढ्याच मुलुखात, ठराव होऊन आली. 1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर पुष्कळ गावांत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. मेट्रिक आल्यावर सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले, पण 1 गुंठा म्हणजे 1.01 आर एवढे जवळ असल्याने कोणी मनावर घेतले नाही. आणा 1957 पासून हिशेबातून हटू लागला. हिश्श्यांची आणेवारी मात्र चालूच राहिली. जमीन आपली म्हणतो, पण सातबाऱ्यावर आपण अजूनही भोगवटादार आहोत.

आता मोजणीला उपग्रहाचे यंत्र येते, बांधावर काठी उभी राहते आणि पडद्यावर बिंदू उमटतात. पण वाद झाला की सगळ्यांची धाव जाते ती जुन्या टिपणाकडे, त्या तेहेतीस फुटी साखळीच्या मापांकडे. साखळी कधी सैल धरली गेली असेल, कधी खड्ड्यातून गेली असेल, तरी पुरावा तोच. त्यावर चिडण्यात अर्थ नाही. परक्यांनी वसुलीसाठी केलेला हा कागद आज शेतकऱ्याच्या हातातली सगळ्यात भक्कम गोष्ट आहे, आणि तो फेकून द्यावा असे मी तरी म्हणणार नाही. मात्र कोरियाने जे सरकारी खर्चाने करायला घेतले, ते आपण वेळ आली की एकेका बांधावर भांडून करतो, हे काही भूषण नाही.

तेव्हा एवढेच सांगणे. आपल्या नंबराची मोजणी लागण्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून टिपण आणि फाळणी नकाशाची नक्कल काढून ठेवा. मोजणीच्या दिवशी स्वतः बांधावर उभे राहा, लगतच्या धारकालाही बोलावून घ्या, आणि मोजणी नकाशाची क प्रत हातात आली की क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय घरी नेऊ नका.